किडा, घासू आणि पढतमूर्ख

वर्गात ज्याला काही येत नाही त्याला मराठीत 'ढ' म्हणतात, आणि ज्याला बरेच काही येते त्याला 'किडा'. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते तिच्यात आपले बहुतेक विद्यार्थी जीव मुठीत धरून बसलेले असतात. 'ढ'विषयी एक गमतीची व्युत्पत्ती सांगतात. ब्राह्मी लिपीतली बाकीची अक्षरे शतकानुशतके बदलत गेली, 'ढ' मात्र होता तसाच राहिला, म्हणून जो शिकून बदलत नाही तो 'ढ'. शब्द खरोखर असाच तयार झाला की नाही ते असो. अशोकाच्या शिलालेखातला 'ढ' आजच्या 'ढ'सारखा दिसतो एवढे मात्र खरे.

या लेखात 'ढ'चा विचार करायचा नाही. त्याची बाजू घेणारे शिक्षणतज्ज्ञ पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच आहे. आम्हाला विचार करायचा आहे तो दुसऱ्या टोकाच्या मुलांचा. पुस्तकी किडा, ग्रंथकीटक, घासू, घोकंपट्टीवाला, पोपट, पढतमूर्ख, दीडशहाणा, बृहस्पती (हा अर्थात उपरोधाने), स्कॉलर (हाही बहुधा उपरोधानेच), ढापण्या, डबल बॅटरी, काकूबाई. यांतले निम्मे शब्द मुले एकमेकांना वापरतात आणि निम्मे शिक्षकांच्या खोलीतून वर्गात येतात. प्रयोगशाळेत एखादे उपकरण हाती आले की ते नेमके काय मोजते हे आम्ही आधी तपासतो. हे शब्दही एक प्रकारची उपकरणेच आहेत. त्यांनी मोजमाप होते आणि त्यावरून मुलांवर शिक्के बसतात. तेव्हा त्यांचीही तपासणी व्हायला हरकत नाही.

सुरुवात किड्यापासून करू. पुस्तकात राहणारे कीटक एकच नव्हेत. जुन्या पुस्तकाची पाने उलटताना चांदीसारखी चमकणारी, सळकन पळणारी जी 'कसर' दिसते, तिचे शास्त्रीय नाव लेपिस्मा सॅकॅरिना. नावातच साखर आहे, कारण तिला पिष्टमय आणि गोड पदार्थ आवडतात. ती बांधणीची खळ खाते, कागदाचा पृष्ठभाग खरवडते. पानांतून आरपार जाणारी गोल भोके मात्र तिची नव्हेत. ती पाडतात काही भुंगेऱ्यांच्या अळ्या. त्यांतला स्टेगोबियम पॅनिसियम हा भुंगेरा आपल्या स्वयंपाकघरातही असतो. हळद आणि धने यांना लागणाऱ्या किडींत त्याची गणना होते. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कसरीचे सुंदर चित्र काढले आहे आणि तिला पुस्तकातला किडाच म्हटले आहे. ज्याने तिच्याकडे इतक्या बारकाईने पाहिले तो हुक स्वतःही पुस्तकांत आणि उपकरणांत बुडालेला माणूस होता.

मुद्दा असा की किडा पुस्तक वाचत नाही. त्याला गणिताचे पुस्तक आणि पंचांग सारखेच. त्याला हवी असते ती खळ. म्हणजे हे रूपक नेमकेपणाने कोणाला लागू पडेल? मजकुराशी देणेघेणे न ठेवता पुस्तक संपवणाऱ्याला. प्रत्यक्षात आपण ते लावतो मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसणाऱ्या मुलाला, ज्याला फक्त मजकूरच हवा असतो! रूपक अगदी उलट्या जागी जाऊन बसले आहे. याचा दोष एकट्या मराठीला देता येणार नाही. फ्रेंच माणूस अशा वाचकाला ग्रंथालयातला उंदीर म्हणतो, इंडोनेशियात त्याला पुस्तकातली ऊ म्हणतात. डॅनिश भाषेने तेवढे बरे केले आहे. तिथे तो 'वाचणारा घोडा' असतो, आणि घोडा निदान कष्टाळू आणि उमदा तरी आहे.

'पढतमूर्ख' या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला दहावा समास पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे. आज हा शब्द आपण कसा वापरतो? 'चार पदव्या आहेत, पण बाजारातून धड भाजी आणता येत नाही. पढतमूर्ख आहे झाले.' म्हणजे वाचन पुष्कळ आणि व्यवहारज्ञान शून्य. आता मूळ समास काढून पाहावा. रामदासांचा रोख भाजी आणता न येण्यावर नाही. बहुश्रुत असून जो तसे वागत नाही, दुसऱ्याला ज्ञान सांगतो आणि स्वतः विकारांच्या अधीन असतो, त्याच्यावर त्यांचा कटाक्ष आहे. त्यातले एक लक्षण तर शिक्षकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. ग्रंथ मुळापासून न पाहता त्याला दूषण देणारा, गुण सांगितले असता अवगुण शोधणारा, तोही पढतमूर्खच, असे रामदास म्हणतात. अर्थात या लक्षणात दोष आहे तो अर्धवट वाचण्याचा. सतराव्या शतकातल्या एका संताने कमी वाचणाऱ्यासाठी योजलेला शब्द आपण जास्त वाचणाऱ्याच्या माथी मारला आहे.

'पुराणातली वांगी पुराणात' या म्हणीचेही असेच झाले. चातुर्मासात वांगी वर्ज्य, असे पुराणिकबुवांनी देवळात सांगितले. बायकोने ते ऐकून घरातली वांगी टाकून दिली. तेव्हा बुवा चिडून म्हणाले की पुराणातली वांगी पुराणात. या गोष्टीत चूक वांग्यांची नाही, पुराणाचीही नाही. चूक बोलणे एक आणि करणे एक अशा बुवांची आहे. तरीही ही म्हण आपण प्रयोगवहीत 'निष्कर्ष' प्रामाणिकपणे लिहू पाहणाऱ्या मुलाला ऐकवतो. पुस्तकात लिहिले आहे ते प्रत्यक्षात यायलाच हवे असे नाही, समजून घे, म्हणतो. समजून त्याने घ्यायचे की आपण? पुस्तकातले उत्तर आणि प्रयोगाचे उत्तर यांत फरक पडला तर तो का पडला हे शोधणे हीच विज्ञानाच्या तासाची खरी सुरुवात असते.

आता 'घोकणे' आणि 'घासणे'. इथे थोडे रेंगाळावे लागेल, कारण या दोन शब्दांत आपली परीक्षापद्धतीच दडलेली आहे.

'घोकणे' हा शब्द 'घोष'शी नाते सांगतो. मोठ्याने म्हणणे हा त्याचा गाभा. एके काळी ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. दशग्रंथी, घनपाठी या पदव्या होत्या. घनपाठात काय करत? तीन शब्द असले तर ते १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ या क्रमाने म्हणत, मग एक शब्द पुढे सरकत. लेखनाची मदत न घेता मजकूर पिढ्यान्‌पिढ्या अबाधित ठेवायचा असेल तर एकच गोष्ट वेगवेगळ्या क्रमांनी नोंदवावी, म्हणजे चूक झाल्यास ती लगेच उघडी पडते. संगणकशास्त्रातील चुका पकडणाऱ्या संकेतांमागे हेच तत्त्व आहे. ही विद्या एका वर्गाने स्वतःपुरती राखली आणि बाकीच्यांना तिच्यापासून दूर ठेवले, हा तिच्यावरचा डाग आहेच. पण तंत्र म्हणून ती बिनडोक नव्हती. पंतोजींच्या शाळेतले पाढे घ्या. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनचा पाढा पाठ असलेला वाणी साडेतीन रुपये शेराने सतरा शेरांचा हिशेब कागद न घेता सांगत असे. त्याला कोणी घोकंपट्टीवाला म्हटले नाही, कारण त्याचे घोकलेले रोज वापरात येत होते.

'घासू' हा महाविद्यालयीन वसतिगृहांतला शब्द. पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांत तो चांगलाच रुळला आहे. भांडे घासावे तसे पुस्तक घासणारा तो घासू. जपानीत असा मुलगा 'गारीबेन'. त्यातला 'गारी' म्हणजे खरवडण्याचा आवाज आणि 'बेन' म्हणजे अभ्यास. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना अभ्यास करणाऱ्याला पाहून भांडी घासणे आणि खरवडणेच आठवावे ही मोठी मौज आहे. इंग्रजी शाळांतला 'स्वॉट' घामावरून आला. एकोणिसाव्या शतकात सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात तो आधी गणिताच्या अभ्यासासाठी वापरला जाई, असे कोशकार सांगतात. चिनीत मात्र सरळ 'पुस्तकी वेडगळ' अशा अर्थाचा शब्द आहे, म्हणजे आपला पढतमूर्खच.

या शब्दांवरचा आमचा मुख्य आक्षेप असा आहे की 'घोकंपट्टी' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या क्रियांना वापरतो. पुस्तक समोर ठेवून तेच ते पुन्हा वाचणे ही एक. पुस्तक मिटून आठवून पाहणे ही दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मुलगा पुटपुटत बसलेला असतो. परिणाम मात्र वेगळे असतात. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग शिक्षकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने गद्य उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार सत्रे वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के आठवले, दुसऱ्या गटाला ७१. एका आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र पालटले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. परीक्षेच्या आदल्या रात्री घासणारा मुलगा मूर्ख नाही. उद्याच्या परीक्षेसाठी तो जे करतो ते बरोबरच आहे, आणि तशी परीक्षा आपणच काढतो. गृहपाठाच्या प्रश्नांची उत्तरे जशीच्या तशी उतरवणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यायचे आणि त्यालाच 'घोकंपट्टी करू नकोस' म्हणून बजावायचे, हा दुटप्पीपणा मुलांच्या फार लवकर लक्षात येतो. उलट जी मुलगी पुस्तक मिटून, डोळे बंद करून, ओठ हलवत बसली आहे ती बहुधा शिकण्याचे सर्वांत कठीण काम करत असते. तिलाही आपण 'पोपट' म्हणतो. पोपट असे करत नाही. काय विसरले आहे हे शोधायला तो मध्येच थांबत नाही.

चष्म्याविषयी थोडक्यात. ढापण्या, डबल बॅटरी, सोडावॉटरच्या बाटलीची बुडे. या सगळ्यांमागे समज असा की वाचल्याने डोळे जातात, म्हणून चष्मेवाला तो वाचणारा. जवळून फार काम करण्याचा लघुदृष्टीशी काही संबंध आढळतो, पण प्रकरण तेवढ्यावर संपत नाही. सिडनीतल्या चार हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की बारा वर्षांच्या मुलांत, जी घराबाहेर उजेडात जास्त वेळ काढतात, त्यांच्यात लघुदृष्टी कमी असते. चीनमध्ये ग्वांगजो येथे काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी आलेली मुले सुमारे ३० टक्के होती, बाकीच्या शाळांत सुमारे ४०. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा चष्म्याबद्दल बोलायचेच असेल तर पुस्तकाला बोल लावण्याआधी खेळाचा तास गणिताला कोणी दिला ते पाहावे. दृष्टिदोष हा काही स्वभाव नव्हे, हे तर सांगायलाही नको.

आतापर्यंतच्या शब्दांत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आली असेल. किडा, पोपट, पढतमूर्ख, ढापण्या हे सारे पुल्लिंगी. किड्याचे स्त्रीलिंग कोणी करत नाही. मुलीसाठी शब्द आहे तो 'काकूबाई'. त्यात वाचनाचा, बुद्धीचा उल्लेखच नाही. आहे तो वेणीचा, कपड्यांचा, वयाआधी पोक्त दिसण्याचा. मुलाला टोमणा मारायचा तर त्याच्या अकलेवर, मुलीला मारायचा तर दिसण्यावर, अशी ही वाटणी आहे.

आम्ही राहतो त्या कर्वेनगरात हा विषय टाळता येत नाही. १८९६ मध्ये स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये इथल्या माळावर, तेव्हाच्या हिंगण्यास, एका झोपडीत आला. याच संस्थेचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून इथे आहे. वाचणाऱ्या बाईसाठी मराठी समाजाने एके काळी जे बोल राखून ठेवले होते ते 'काकूबाई'पेक्षा कितीतरी जहरी होते. बाई शिकली तर अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या ताटात पडतील, असे त्या काळी बोलत, असे सावित्रीबाई फुले यांच्यावरील लेखनात सांगितले जाते. इथेही अळी आहेच. पुरुष वाचू लागला तर तो स्वतः किडा होतो, बाई वाचू लागली तर तिच्या हातून अन्न किडते! रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की त्या इंग्रजी शिकू लागल्या तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून त्यांना काय काय ऐकावे लागले. न्यायमूर्तींच्या घरातली ही स्थिती. ज्या विधवा मुली हिंगण्याला आल्या त्यांना काय ऐकून घ्यावे लागले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आणि ज्यांच्या नावाने हे नगर वसले ते धोंडो केशव कर्वे? स्वभावाने भिडस्त, बोलण्यात मागे, विषय गणित. १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले. आजच्या वर्गात त्यांना कोणते नाव पडले असते ते सांगायला नको. लहानपणी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत सह्याद्री ओलांडून पायी गेले, आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे याच भिडस्त माणसाने दिवसभर महाविद्यालयात शिकवून संध्याकाळी आश्रमासाठी सामान घेऊन चिखलातून हिंगण्यापर्यंत पायपीट केली, आणि दारोदार वर्गणी मागितली. पुस्तकी माणूस आणि व्यवहारी माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत असे मानले तर कर्व्यांना कोणत्या खान्यात घालणार?

पुण्यातलेच दुसरे उदाहरण गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे. अनेक भाषांतली पुस्तके वाचणारा हा माणूस हजारो प्राचीन नाणी तराजूत तोलत बसला. नाणे हातोहात फिरून किती झिजले यावरून त्याचा काळ आणि चलन यांचा अंदाज बांधता येतो हे त्याने संख्याशास्त्राने दाखवले. हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हिंडून त्याने अश्मयुगीन गारगोट्यांची पाती वेचली. कोसंबी घरी बसून वाचत नसते तर बाहेर काय वेचायचे हे त्यांना समजलेच नसते, असे आम्हाला वाटते. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथ ठेवायला जागा हवी म्हणून. त्यांना पुस्तकी म्हणण्याची कोणाची छाती आहे? ज्यांच्या घरात पहिले पुस्तक येण्यासाठी कित्येक पिढ्या जाव्या लागल्या, त्यांच्या मुलाला 'फार पुस्तकी आहे' म्हणणे हे नुसते थट्टेचे बोलणे राहत नाही. 'चार बुकं शिकलास म्हणून शहाणा झालास का?' हा प्रश्न कोणी कोणाला विचारला आहे हेही पाहावे लागते.

मग चांगले शब्द नाहीत का? आहेत, पण ते वयाने वाटून दिलेले आहेत. 'व्यासंगी' हा शब्द मृत्युलेखात आणि सत्कारपत्रात भेटतो. नववीतल्या मुलीला कोणी व्यासंगी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. 'अभ्यासू' बराचसा राजकारणाने पळवला आहे, आणि तिथे तो विधानसभेत कागद वाचून येणाऱ्या सदस्याला मिळतो. एकच गुण साठाव्या वर्षी व्यासंग आणि चौदाव्या वर्षी किडेपणा ठरतो. मराठीला त्यातल्या त्यात प्रेमळ वाटतो तो 'वेडा' हा शब्द: ग्रंथवेडा, पक्षीवेडा, आकाशवेडा. यात माणूस जरा हास्यास्पद आहे पण आपला आहे. आणि कर्वेनगरातल्या मुलांच्या बोलण्यात आम्हाला आणखी एक बदल जाणवतो. 'तो संगणकातला किडा आहे' असे ती आता कौतुकाने म्हणतात. 'कसला किडा चावला' यातला किडाही वाईट नाही. इंग्रजीतल्या 'गीक'चे असेच झाले. जत्रेत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडून दाखवणाऱ्या खेळियाला तो शब्द होता. आज संगणकक्षेत्रातली माणसे तो मिरवतात. 'नर्ड' हा तर १९५० मध्ये एका बालपुस्तकात काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून छापला गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी तरुणांच्या बोलीत रूक्ष माणसाला वापरला जात असल्याची नोंद झाली. हे दोन्ही शब्द आता आपल्या मुलांच्या तोंडी आले आहेत. मिरवण्याची सोय झाली हे ठीक. पण वाचणारा म्हणजे चारचौघांत न मिसळणारा, ही गाठ त्यांच्यातही पक्की बांधलेली आहे.

ही गाठ शाळेतल्या प्रगतिपुस्तकात वारंवार दिसते. 'अभ्यासात हुशार, पण मिसळत नाही.' या वाक्यातल्या 'पण'चे काम काय? पहिल्या अर्ध्याचा दुसऱ्याशी संबंध आहे हे शिक्षकाने कशावरून ठरवले? न मिसळण्याची कारणे पुष्कळ असतात. घरची अडचण, ऐकू कमी येणे, जातीवरून दूर ठेवले जाणे, किंवा नुसते शेजारी बसलेल्या मुलांचे बोलणे कंटाळवाणे असणे. आमची सूचना अशी की शेरा लिहिताना नाम टाळून क्रियापद वापरून पाहावे. 'पुस्तकी आहे' असे न लिहिता 'धड्याबाहेरची तीन पुस्तके वाचली. वाचलेले वर्गात सांगायला संकोच करते' असे लिहिले तर पालकाला काही कळेल आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काही करता येईल. 'पाठांतर करतो' याऐवजी 'व्याख्या बिनचूक सांगतो, उदाहरण विचारले की अडतो' असे लिहावे. जागा अपुरी पडते ही तक्रार खरी आहे. त्यासाठी 'समाधानकारक' हा शब्द गाळला तरी बरीच जागा मोकळी होईल.

आमची ही यादी पुणेरी आहे याची जाणीव आम्हाला आहे. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात, कोकणात, बेळगावकडे अशा मुलांना काय म्हणतात? विशेषतः मुलींसाठी कोणते शब्द आहेत, आणि ज्यात डंख नाही असा एखादा शब्द आपल्या भागातल्या बोलीत आहे का? वाचकांनी शब्द, तो कोण कोणाला उद्देशून वापरतो, आणि ऐकणारे मूल त्यावर काय करते, एवढे लिहून पाठवावे.